प्रतिकृतीवरील धूळ, गंज आणि झीज
(केंद्रशाळेतील शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाळांतून मुले पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या आणि मातीच्या गाड्या करीत आली आहेत. बैलगाडी, एस्. टी., ट्रॅक्टर, मालमोटार हे नमुने कोणत्याही शालेय प्रदर्शनात दृष्टीस पडतात. त्यांचे आकार बहुधा बरे साधलेले असतात. क्वचित प्रमाणही साधलेले असते. परंतु त्या सर्व गाड्या जणू आजच कारखान्याबाहेर पडल्या आहेत अशा दिसतात. लाल म्हणजे निव्वळ लाल, चाके म्हणजे निव्वळ काळी. ज्या गावच्या रस्त्यावरून कोरी गाडी वर्षातून एखादे वेळी जाते, त्या गावच्या मुलाने आपल्या हातांनी केलेली गाडी मात्र सदैव कोरी! या विसंगतीविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

वाहनांच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद पाश्चात्य देशांत फार रुजलेला आहे. ऊन, पाऊस, धूळ, धूर आणि माणसाचे हातपाय यांनी खऱ्या वाहनावर उमटविलेल्या खुणा प्रतिकृतीवर दाखविण्याच्या कामास ते छांदिष्ट लोक 'वेदरिंग' म्हणतात. आपण त्याला सरळ 'झीज दाखविणे' म्हणू. हे काम नेहमीच मान्य होते असे नाही. इंग्लंडमध्ये छोट्या आगगाड्या करणारे कारागीर पूर्वी इंजिनाच्या चकाकीवरच भूषण मानीत. जॉन अहर्न या गृहस्थांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक छोटी रेल्वे उभारण्यास आरंभ केला, तेव्हा तिच्यातील घरे, फलाट आणि गाड्या वापरातल्या वाटाव्यात याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष दिले. ती रेल्वे आज ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयात आहे.

त्या संग्रहालयाची कथा आपणा ग्रामीण शिक्षकांस अधिक जवळची वाटेल. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियातील. १९२५ मध्ये ते इंग्लंडला आले. तेथील खेड्यांतील गवताने शाकारलेली जुनी घरे एकामागून एक बदलत आहेत हे पाहून त्यांनी ती १ : ७६ या प्रमाणात करून ठेवण्याचा निश्चय केला. १९५४ मध्ये पेंडन येथे या कामास कायमचे घर मिळाले. घरे कोरी करून ठेवली असती तर त्यांत राहणाऱ्या माणसांच्या जीवनाची कोणतीच नोंद राहिली नसती. आपल्याकडे लाकडी चाकांची, लोखंडी धावेची बैलगाडी किती गावांत उरली आहे याचा विचार केला म्हणजे या उद्योगाचे मोल ध्यानी येईल.

पुढे बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन आणि अमेरिकेचे शेपर्ड पेन यांनी लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींवर हेच तंत्र पुष्कळ पुढे नेले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील अवकाशयाने कोणीही कधी पाहिलेली नव्हती; तरी ती प्रेक्षकांस खरी वाटली, त्याचे एक कारण त्यांच्या प्रतिकृतींवर डाग, ओरखडे आणि काजळी होती. असो. आपणास चित्रपट काढावयाचा नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैर नाही. "आम्ही मुलांना स्वच्छता शिकवितो, आता वस्तू मळविण्यास शिकवावयाचे काय?" माझे म्हणणे असे की, मळविणे आणि मळ दाखविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. रंगाचे बोट जेथे नको तेथे लागले तर तो गबाळेपणा. परंतु डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली उतरलेला काळपट ओघळ मुलाने पाहिला, तो तेथे का आहे हे विचारले आणि नेमका तेवढाच ओघळ आपल्या गाडीवर काढला, तर ते निरीक्षण झाले. मुलाचे काम गबाळ आहे की डोळस आहे हे ओळखावयाची कसोटी एकच: प्रत्येक डागावर बोट ठेवून "हा कशाने पडला?" असे विचारावे. उत्तर आले तर डाग राहू द्यावा. न आल्यास पुसावयास लावावा.

म्हणून या कामाचा आरंभ रंगाने करू नये. आरंभ रस्त्यावर करावा. मुलांना वहीपेन्सिल देऊन उभ्या असलेल्या एखाद्या वाहनापाशी न्यावे. वाहन चालू नसावे, उतारावर नसावे, आणि मालकाची अनुमती घेतलेली असावी. गाडीची एक ओबडधोबड आकृती काढून कोठे काय दिसते ते तिच्यावर लिहून घ्यावे. आपणास वाटते त्याहून मुले पुष्कळ पाहतात, पण क्रमाने पाहत नाहीत. तो क्रम आपण द्यावयाचा.

प्रथम धूळ पाहावी. ती जेथे स्थिर बसू शकते तेथे, म्हणजे टपावर, मडगार्डवर, पायरीवर आडव्या पृष्ठभागी साचते. बाजूंवर ती खालून वर विरळ होत जाते, आणि चाकांच्या मागच्या अंगास दाट असते, कारण चाक माती मागे उडविते. बसगाडीची पाठ तिच्या तोंडापेक्षा अधिक मळलेली का, हा प्रश्न मुलांना अवश्य घालावा. गाडी वेगाने पुढे गेली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि उडालेली धूळ त्या पोकळीत ओढली जाऊन पाठीवर बसते. समोरच्या काचेवर पुसणीने काढलेली स्वच्छ कमान दिसते. तिच्या बाहेरचा कोपरा मळकाच राहतो. धुळीचा रंगही विचारात घ्यावा. कोकणातील जांभ्याची धूळ तांबडी, देशावरील काळ्या जमिनीचा चिखल ओला असता काळा आणि वाळला म्हणजे राखाडी. सोलापूरहून निघून आंबा घाटाने रत्नागिरीस उतरलेल्या गाडीवर पावसाळ्याच्या दिवसांत हे दोन्ही रंग असू शकतील, आणि तांबडा वरच्या थरात असेल. कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा, यावरून प्रवासाची दिशा सांगता येते. भूगोलाचा याहून सोपा पाठ मला तरी ठाऊक नाही.

मग गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही जेथे एकत्र येतात तेथे गंज चढतो; म्हणून पाणी कोठे अडते हे शोधले की गंज सापडतो. पत्र्यांचे सांधे, दाराची खालची कड, बोल्टांच्या डोक्याभोवतालची जागा, आणि दगड उडून रंग निघालेल्या चाकावरील कमानी ही त्याची ठिकाणे. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद तपकिरी. बोल्टाखाली गंजाची रेघ सरळ खाली उतरते, कारण पाणी खाली उतरते. मुलांच्या चित्रात ती पुष्कळदा तिरपी जाते. असे झाल्यास शिक्षकाने काही न बोलता भिंतीवर पाण्याचा एक थेंब सोडून दाखवावा. निरीक्षणास जाताना खिशात एक लोहचुंबक असावा. एस्. टी.च्या जुन्या गाड्यांस ॲल्युमिनियमचा पत्रा असे. त्यास चुंबक चिकटत नाही आणि त्यावर तांबडा गंज येत नाही. रंग निघाला तर खाली फिकट राखी धातू दिसतो. लाकडावरही गंज नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर एस्. टी.ची जी पहिली गाडी धावली तिचा सांगाडा लाकडी होता. तिची प्रतिकृती करून तिला सर्वांगी गंज चढविणारा विद्यार्थी रंगकामात कितीही निपुण असो, त्याला तेथेच थांबवावे.

तिसरी गोष्ट झीज, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी हीच. जेथे माणसाचा हात वा पाय रोज लागतो तेथे रंग जातो आणि धातू चकाकतो. दाराची मूठ, पायरीची मधली जागा, चढताना धरावयाचा दांडा, ट्रॉलीचा हूक. ऊस, विटा, वाळू ओढून ओढून ट्रॉलीच्या तळाचा पत्रा मध्यभागी लखलखीत असतो आणि कोपऱ्यांत गंजलेला असतो. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव जमिनीस टेकते तेथे गुळगुळीत व उजळ, बाजूस तांबूस. तुंब्याभोवती वंगणाचा काळा चिकट लेप, त्यावर धूळ बसून झालेला राप. जू बैलांच्या मानेवर टेकते त्या दोन जागी लाकूड मऊ आणि तेलकट झालेले. बाकीचे लाकूड उन्हापावसाने करडे पडलेले. लाकडातील एका घटकाचा उन्हाने नाश होतो व पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून हा करडा रंग येतो. सावलीत राहिलेला खालचा भाग तपकिरीच राहतो. बैलगाडी करणाऱ्या मुलास गाडीच्या खाली वाकून पाहावयास सांगितले की ही गोष्ट त्याला आपोआप कळेल.

आता प्रमाणाविषयी दोन शब्द. शाळेसाठी १ : २० हे प्रमाण मला सोयीचे वाटते. दहा मीटर लांबीची बस ५० सेंटिमीटर होते, दीड मीटर व्यासाचे चाक साडेसात सेंटिमीटर. मुले गाडी प्रमाणात करतात, परंतु डाग प्रमाणात करावयास विसरतात. या प्रमाणात अर्ध्या सेंटिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर दहा सेंटिमीटर, तळहाताएवढा! एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे दोन सेंटिमीटरचा खडा. म्हणून प्रतिकृतीवर वापरावयाची माती वस्त्रगाळ केलेलीच पाहिजे. गणिताच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर मांडावे आणि मग मुलांच्या हाती टवके काढण्याचे काम द्यावे.

साहित्य बाजारातून आणावे लागेल असे फार थोडे आहे. गेरू, पिवळी काव, दिव्याची काजळी, चुलीची राख, विटेची वस्त्रगाळ पूड, शेतातली माती, पेन्सिलीच्या शिशाची पूड, डिंकाचे पाणी, जुना स्पंज, दात घासण्याचा जुना ब्रश, मेणबत्तीचा तुकडा आणि चिंधी. मूळ रंग मात्र वाळल्यावर पाण्याने न सुटणारा असावा. ॲक्रिलिक रंग यास उत्तम. पोस्टर रंगावर पुढची कामे केली तर खालचा रंगच सुटून येतो आणि मुलाचा आठवड्याचा श्रम वाया जातो. रंगास चकाकी नसावी. चकचकीत पृष्ठभागावर भुकटी धरत नाही. निव्वळ काळा व निव्वळ पांढरा रंग कोठेही वापरू नये. टायरसुद्धा काळे नसते, राखट असते.

मूळ रंग देण्यापूर्वीच एक युक्ती करून ठेवावयाची. जेथे रंग निघून गंज दिसावा अशी आपली इच्छा आहे, तेथे आधी गेरू आणि थोडी काजळी ॲक्रिलिक रंगात कालवून तपकिरी थर द्यावा. तो पूर्ण वाळला की त्यावरील कडांना मेणबत्ती हलकेच घासावी. मग गाडीचा लाल किंवा निळा रंग सर्वत्र द्यावा. वाळल्यावर चिंधीने चोळले की मेणावरचा रंग निघून येतो आणि खालचा गंज उघडा पडतो. टवक्यांच्या कडा अनियमित येतात, त्या कुंचल्याने काढलेल्या टवक्यांपेक्षा खऱ्या वाटतात. लहान ओरखडे हवे असल्यास स्पंजाचा कपटा तपकिरी रंगात बुडवून, कागदावर बहुतेक रंग टिपून घ्यावा, आणि उरलेल्या रंगाने कडांवर अगदी हलके टिपके द्यावेत.

यानंतर पातळ रंगाची धुणी. पुष्कळशा पाण्यात थोडा गडद तपकिरी पोस्टर रंग मिसळावा व त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने गोळा न होता पत्र्यांच्या खाचांतून पसरते आणि तेथे रंग ठेवून जाते. पाच मिनिटांनी वरचा भाग ओल्या चिंधीने वरून खाली पुसून घ्यावा. खाचा गडद राहतात, उंचवटे उजळ राहतात. उंचवटे अधिक उठून यावेत म्हणून मूळ रंगात किंचित फिकट रंग मिसळून, कुंचला जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा करून, कडांवरून नुसता फिरवावा. पोस्टर रंग वापरण्याचा येथे एक लाभ आहे. चुकले तर ओल्या कापडाने पुसता येते. लहान मुलांस हे स्वातंत्र्य फार हवे असते.

हात लागून चकाकलेल्या जागांसाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासावी. बोटच वापरावे, कुंचला नव्हे. खऱ्या दांड्यावर चकाकी बोटांनीच आलेली असते. धूळ सर्वांत शेवटी. वस्त्रगाळ माती कोरड्या मऊ कुंचल्याने लावावी व जादा झालेली फुंकून न टाकता झटकावी. चिखल हवा असेल तर तीच माती डिंकाच्या पाण्यात कालवून दात घासण्याच्या ब्रशावर घ्यावी आणि चाकाच्या मागच्या अंगास अंगठ्याने शिंतोडे उडवावेत. बाकीची गाडी कागदाने झाकून ठेवावी. या टप्प्यावर वर्गात मोठा आनंद उसळतो, आणि शिक्षकाने सावध राहावयाचे ते याच वेळी. मुलांस थांबणे जमत नाही. निम्म्या गाड्या शेतात गाडून काढल्यासारख्या होतात. दर थरानंतर गाडी टेबलावर ठेवून मुलास चार पावले मागे नेऊन उभे करावे, हा यावरचा एकच उपाय.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, परंतु टाळता येण्यासारख्या नाहीत. मोठे छांदिष्ट टर्पेंटाइन व फवाऱ्याचे रंग वापरतात; वर्गात ती दोन्ही आणू नयेत. काजळी व भुकट्या चाळताना तोंडाला रुमाल बांधावा, आणि हे काम व्हरांड्यात करावे. जुन्या वाहनाचा सुटलेला रंग मुलांनी खरवडून आणू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते.

एका शाळेतील गोष्ट सांगतो. सहावीतील एका मुलाने आपल्या वडिलांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची प्रतिकृती केली. प्रमाण अचूक, जोड पक्के. रंग मात्र झळझळीत निळा. खरी ट्रॉली शाळेच्या वाटेवरच उभी असे, आणि ती फार जुनी होती. गुरुजींनी विचारले, "अरे, तुमच्या ट्रॉलीला ठिगळे आहेत ना? ती कोठे गेली?" मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, लोक हसतील." गुरुजींनी त्याला समजुतीचे चार शब्द सांगितले नाहीत. ते त्याच्याबरोबर ट्रॉलीपाशी गेले आणि म्हणाले, "मला यातले काही कळत नाही. तू सांग, मी लिहून घेतो." तेव्हा त्या मुलाने एकेक ठिगळ दाखविले. हे दगडाची खेप टाकताना फाटले. हे वेल्डिंग कारखान्याच्या गळीत हंगामात रात्री केले, म्हणून ते वेडेवाकडे आहे. या बाजूचा पत्रा नवा, कारण मागचा गंजून हाती आला होता. गुरुजींच्या वहीची दोन पाने भरली. पुढच्या आठवड्यात मुलाने निळ्या ट्रॉलीवर तीनही ठिगळे बसविली, वेल्डिंगची रेघ डिंकात भिजविलेल्या दोऱ्याची केली, आणि प्रतिकृतीशेजारी ती माहिती स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली.

प्रदर्शनात त्या ट्रॉलीच्या कागदावर परीक्षकांनी शेरा लिहिला: "रंगकाम अस्वच्छ." शेजारीच ठेवलेल्या, थर्माकोलच्या पांढऱ्याशुभ्र बंगल्यास पारितोषिक मिळाले. तो बंगला कोणाच्या हातचा होता हे सभागृहातील बहुतेक पालकांस ठाऊक होते. परीक्षकांस दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढील गुणपत्रकात 'नीटनेटकेपणा' असा रकाना होता, 'निरीक्षण' असा नव्हता. हा रकाना आपणच घालावयास पाहिजे. आपल्या केंद्रापुरते गुणपत्रक आपण ठरवितो. त्यात निरीक्षणास निम्मे गुण ठेवावेत, निरीक्षणाची वही प्रतिकृतीबरोबर मांडण्याची अट घालावी, आणि परीक्षकाने निदान तीन खुणांची कारणे मुलासच विचारावीत. असे झाले तर विकत आणलेला किंवा काकांनी करून दिलेला नमुना आपोआप मागे पडेल. ज्या मुलाच्या घरी जुने वाहन आहे, त्याच्यापाशी सांगण्यासारखे अधिक आहे, ही गोष्ट त्या मुलाच्याही ध्यानी येईल. आजवर ती त्याला कोणी सांगितलेली नाही.

प्रत्यक्ष वेळापत्रकात हे कसे बसवावे असे विचारले जाईल. माझ्या अनुभवाने कार्यानुभवाचे सहा तास पुरतात: एक निरीक्षणाचा, दोन बांधणीचे, एक मूळ रंगाचा, दोन झिजेचे. तिसरी-चौथीच्या मुलांस सबंध गाडी नको. त्यांना एकच चाक किंवा एकच दार द्यावे. पुठ्ठ्याचे हातभर दार, त्याची मूठ, तिच्याभोवतीची चकाकी आणि खालच्या कडेचा गंज, एवढे त्यांना पुष्कळ होते. पुण्यास सहल गेली तर कोथरूड भागातील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. चालत्या लहान गाड्या पाहून आल्यावर प्रमाणाचा पाठ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

पूर्ण झालेल्या गाडीवर चकचकीत रोगण देऊ नये. सारे काम एका हातात नाहीसे होते. भुकटी पक्की व्हावी म्हणून अतिशय पातळ डिंकाचे पाणी दात घासण्याच्या ब्रशाने दुरून शिंपडावे व गाडी सावलीत वाळू द्यावी. तालुक्यास नेताना ती खोक्याच्या तळाशी दोऱ्याने बांधावी, भोवती कागद कोंबू नये. आणि प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी जो कोणी ओले फडके घेऊन टेबले पुसावयास येतो, त्याला शिक्षकाने स्वतः भेटून आधीच सांगून ठेवावे की, या गाडीवरची धूळ पुसावयाची नाही.